वरच्या मजल्यावर ऐकू आलं

"मिशी सरळ लागलीय का?"

जिन्याच्या वळणावर त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी क्लासला वर निघाले होते. तो खालच्या हॉलमधून धावत आला होता. तिथला आरसा फुटला होता आणि चेहरा दिसेल अशी काच फक्त जिन्याच्या खिडकीला होती. मी नीट निरखून पाहिलं.

"डावीकडे झुकलीय. साधारण दहा अंश."

"दहाच? नक्की?" त्याचे डोळे हसले. "मग तूच कर ना सरळ."

मी केली. बोटाला गोंद लागला. गाल का तापले, त्याचं कारण मात्र... जाऊ दे.

वरचा क्लास बाबांचा. तिथे मी त्यांना 'सर' म्हणायचे, घरी 'बाबा'. दोन्हीकडे विषय एकच — माझे मार्क. शाळेचं शेवटचं वर्ष होतं. सरांनी प्रश्न विचारला की मी अर्धं उत्तर द्यायचे आणि त्यांच्या भुवईकडे बघायचे. भुवई चढली की उरलेलं उत्तर गिळून टाकायचे.

खाली आमच्याच वयाच्या मुलामुलींचं नाटक बसत होतं. मिशीवाल्याने मला 'नुसतं बघायला' म्हणून नेलं. पण नाटक बसवणाऱ्या ताई म्हणाल्या, "इथे रिकामं कुणी बसत नाही हं," आणि माझ्या हातात संहिता ठेवली. नाटकात मिशीवाला म्हातारा कप्तान. मी त्याच्या बोटीतून उतरायला साफ नकार देणारी प्रवासी. रोज क्लास सुटल्यावर सर इतरांच्या शंका सोडवत बसायचे, तेव्हा मी खाली सटकायचे. बाबांना सांगितलं होतं, वाचनालयात जाते.

"पुढे?" मी वाक्य मध्येच सोडलं की तो म्हणायचा.

"चुकलं तर?"

"तर चुकलं. इथे कुणी मार्क कापत नाही. थांब, तुझ्याहून मोठी चूक करून दाखवतो."

आणि खरंच दाखवायचा. कप्तान स्वतःच्याच बोटीत धडपडायचा, मिशी ओठावर लोंबायची, सगळे पोट धरून हसायचे. दिवसभर डोळ्यांपुढे असलेली ती भुवई त्या हॉलमध्ये शिरताच कुठे जायची, हे शोधायचा मी बराच प्रयत्न केला. एवढंच सापडलं, की तो समोर असला की माझा श्वास पुरतो.

प्रयोग शनिवारी संध्याकाळी होता. आदल्या दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं — उद्या संध्याकाळी सराव परीक्षा, पूर्ण अभ्यासक्रम.

"सांग ना त्यांना," मिशीवाला म्हणाला.

"तू ओळखत नाहीस त्यांना."

"आणि तू?"

मला असा राग आला! पाय आपटत जिना चढून गेले.

शनिवारी पेपर वाटून झाले. खालून खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. मी उभी राहिले.

"काय शंका आहे?" सर म्हणाले.

"बाबा..."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्या खोलीत मी हा शब्द कधी उच्चारला नव्हता.

"बाबा, मी आज पेपर देणार नाही. खाली माझा प्रयोग आहे. मी वाचनालयात जात नव्हते, तिथे जात होते. पेपर उद्या देईन. पण आज... आज मला खालीच असायचंय."

भुवईकडे मी बघितलंच नाही.

बाबांनी चष्मा काढला, पुसला. "खालचं सगळं वर ऐकू येतं," ते म्हणाले. "आधी तुझं वाक्य मध्येच तुटायचं. हल्ली तुटत नाही."

"तुम्हाला... माहीत होतं?"

"बाप आहे तुझा, बहिरा नाही. तू कधी सांगतेस, तेच बघत होतो." मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. "पळ आता. उद्या सकाळी पेपर. सवलत नाही!"

मी पळाले.

दिवे लागले. माझं लांबलचक बोलणं आलं. मी समुद्राला सुनावलं, कप्तानाला सुनावलं, आणि शेवटचा शब्द मागच्या भिंतीवर आदळून परत आला तो मला स्पष्ट ऐकू आला. मग टाळ्या! दाराशी अख्खा क्लास उभा होता, पेपर काखेत मारून. मधोमध बाबा.

पडदा पडला. कप्तान माझ्याकडे वळला.

"आज तू... म्हणजे मला..."

"मला तू आवडतोस," मी म्हणाले.

हळूच म्हणायचं होतं हो! पण गळा अजून प्रयोगातच होता. पलीकडच्या टाळ्या एकदम थांबल्या. कुणीतरी शिट्टी मारली.

"सगळ्यांनी ऐकलं," तो कुजबुजला. कानापर्यंत लाल झाला होता.

"तू ऐकलंस ना?"

त्याने माझा हात धरला, छाती भरून श्वास घेतला आणि पडद्याकडे तोंड करून ओरडला, "मलाही ही आवडते!"

हॉल दणाणला. ताईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि दोरी ओढली. पडदा सर्रकन उघडला. हात सोडायला वेळच मिळाला नाही.

सोडायचा तरी कुणाला होता?