रिकाम्या खाटेची नाडी

ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं म्हणावं. मला फरक पडत नाही.

माझे चुलते मल्लिनाथ तेव्हा येडशीच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. हे सांगताना मरेपर्यंत त्यांनी एक शब्द बदलला नाही.

साल १९४४. निजामाचं राज्य. चैत्रातली टळटळीत दुपार.

व्हय, दुपार. भुताला रात्रच लागते असं कुणी सांगितलं?

हैदराबादहून महालिंगप्पा नावाचा एक प्रोफेसर आला होता. औषधांवर संशोधन करणारा. मूळचा इकडचाच, पण विलायतेहून आल्यापासून त्याला इकडच्या माणसांची किळस यायची. बिट्टीच्या बिया विषारी म्हणून आम्ही लेकरांना हात लावू देत नाही. त्याच बियांचा अर्क काढून त्यानं हृदयाचं औषध केलं होतं. आता ते कुणाला तरी पाजून बघायचं होतं.

नवाबाच्या छातीवर कोण प्रयोग करतो? म्हणून येडशी.

दोन बायका मिळाल्या. दोघींना धाप, दोघींचे पाय सुजलेले. एक इरम्मा. दुसरी बानूबाई, काकांची सख्खी मावशी. रोज दोन थेंब वाढवायचे. नाडी पन्नासच्या खाली गेली की बंद. हा नियम त्यानंच स्वतःच्या वहीत लिहिलेला.

इरम्माची नाडी अडतीसवर आली.

"साहेब, बंद करू?" काकांनी विचारलं.

"दहा दिवस झाल्याशिवाय निष्कर्ष निघत नाही. तू बाटल्या धू."

नवव्या दिवशी इरम्मा गेली. विद्वानानं वहीत लिहिलं, 'मूळ आजारानं मृत्यू.'

दुसऱ्या दुपारी बानूबाईची नाडी सेहेचाळीस.

"वाढव. वीस थेंब."

"साहेब, मावशी हाय ती माझी. मरंल."

"माझ्यासाठी ती दोन नंबरची रुग्ण आहे."

खाटेवरून मावशी म्हणाली, "मल्ल्या, इचार त्याला. त्याच्या आईचा नंबर कितवा?"

प्रोफेसर लालबुंद झाला. त्यानं स्टेथोस्कोप तिच्या छातीला लावला.

आणि तसाच थांबला...

आवाजच नव्हता.

मावशी तर डोळे वटारून बघत होती.

त्यानं नळी झटकली. काकांच्या छातीला लावली. काही नाही.

स्वतःच्या छातीला लावली...

काही नाही.

तो मटकन शेजारच्या खाटेवर बसला. इरम्माच्या. नळीचं टोक रिकाम्या सुंभावर पडलं.

धप्प...

धप्प...

त्यानं नळी काकांच्या कानाला लावली. काकांनीही ऐकलं. त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

आणि त्या विद्वानानं काय केलं?

घड्याळ काढलं. मोजलं.

"अडतीस."

भूत समोर आलं तरी त्याला आकडाच दिसला! वही उघडून त्यानं 'मृत्यू' शब्दावर काट मारली.

"पहिली रुग्ण जिवंत आहे. औषध सुरक्षित आहे. दुसरीला वीस थेंब दे."

काकांनी बाटली उचलली आणि अंगणात रिकामी केली.

"नोकरी जाईल तुझी!"

"गेली."

संध्याकाळच्या गाडीनं प्रोफेसर परत गेला. तिकडं त्याच्या संशोधनाचं लई कौतुक झालं, सभा भरली, शाली पडल्या. त्या सभेत त्याची छाती तपासायची बुद्धी कुणाला झाली नाही.

मावशी वाचली. अकरा वर्षं जगली. जात्यावर बसायची, सुनेशी भांडायची.

पण मनगटात नाडी लागली नाही...

कधीच नाही. येरमाळ्याच्या वैद्यानं मनगट धरलं आणि गुपचूप सोडलं. काका रोज बघायचे. ती म्हणायची, "बघू नगं रं. चाललंय ते चालू दे."

एके दिवशी पहाटे ती गेली. आमच्या लिंगायतांत मयताला बसवून पुरतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात. ते ठेवायला काका खड्ड्यात उतरले. अंग सकाळपासून गार पडलेलं. त्यांनी तिची बोटं मिटवली.

काकांच्या अंगठ्याखाली, तिच्या मनगटात काहीतरी हललं...

धप्प.

काकांनी अंगठा तिथंच दाबून धरला.

धप्प.

वर माणसं मुठीत माती घेऊन उभी होती. कुणीतरी ओरडलं, "मल्लिनाथ, उरकलं का?"

काकांनी एकदा मावशीच्या तोंडाकडं बघितलं.

आणि वर आले.

माती पडली.

ते बोलले का नाहीत, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. विचारायची माझीही छाती झाली नाही.