चक कुणी पाडला?

"उद्या सकाळी घरी जायचं! माझ्या वर्कशॉपची पायरी चढायची नाही!" मामा कडाडला.

चिमणीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. सुट्टीत मामा तिला ड्रिल मशिन शिकवत होता. आज जेवून येऊन बघतात तर काय, ड्रिल धरणारा जबडा, म्हणजे चक, मशिनमधून निसटून खाली पडलेला!

"मी हातसुद्धा लावला नाही रे, मामा!"

"पोरांच्या नादी लागलं की असंच व्हायचं," मावसोबा दात कोरत म्हणाले.

हे मावसोबा, धाकट्या मावशीचे यजमान, म्हणजे उंटावरचे शहाणे! स्वतःला साधा खिळा सरळ ठोकता यायचा नाही, पण सुताराला अक्कल शिकवणार. आज जेवताना तर त्यांनी नुकताच स्वतः बनवलेला अ‍ॅल्युमिनियमचा मोबाइल स्टँड सगळ्यांच्या नाकासमोर नाचवला होता.

मामा तणतणत निघून गेला. चिमणीची मावसभावंडं, थोरल्या मावशीची मुलं भोपळ्या आणि पिंगी, मशिनपाशी वाकली.

"ए, हा अ‍ॅल्युमिनियमचा कीस बघ!" पिंगी ओरडली. "सगळा बारीक, चंद्रकोरीसारखा!"

चिमणीनं डोळे पुसले. "ड्रिलचा कीस लांब वेटोळ्यांचा निघतो. हा मिलिंग कटरचा आहे! कटर आडवा चालून खाच पाडतो. पण इथे? ते काम त्या कोपऱ्यातल्या मोठ्या मशिनचं!"

"मग इथे केलं तर?"

"चक वर नुसता दाबून बसवलेला असतो गं. खाली दाबलं की घट्ट बसतो. आडवं रेटत राहिलं की हादरून सुटतो!"

"आणि त्या स्टँडला खाच आहे!" भोपळ्यानं चुटकी वाजवली. "लाटा लाटा आलेली!"

"मोठं मशिन लावायचा कंटाळा! आळशी कुठले!" चिमणी फणकारली. "थांबा, फुशारकी मारणाऱ्याला फक्त हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं!"

मामानं चक पुन्हा बसवल्यावर पिंगी लाडात मावसोबांना म्हणाली, "काय मस्त स्टँड! ती खाच कशी हो पाडली?"

"अगं, डोकं लागतं त्याला! तुमच्या मामाला कुठलं जमायला? बघा, कटर इथेच लावायचा आणि तुकडा द्यायचा आडवा रेटून!"

पोरं संरक्षक चष्मे लावून पार दारापाशी उभी राहिली. भोपळ्या मामाला आणायला पळाला.

घर्रर्र! मशिन थडथडू लागलं. मावसोबांनी आणखी जोर लावला आणि धाडकन चक खाली! मावसोबा टुणकन उडून कचऱ्याच्या डब्यात बसले.

"मशिनच भिकार आहे!" ते किंचाळले.

दारात आलेल्या मामानं धावत जाऊन बटण बंद केलं. "मशिन चांगलं आहे. जेवणाआधीही तुम्हीच पाडलात ना? आणि खापर या पोरीवर! लाज नाही वाटली?"

मावसोबा डब्यातूनच अंगावरचा कीस झटकू लागले.

मामा चिमणीकडे वळला. "चुकलो मी, चिमणे. विचारायचं सोडून ओरडलो. शाबास रे तिघांची! मला दिसला नाही तो कीस तुम्ही पाहिलात." त्यानं चक आवळायची चावी तिच्या हातात ठेवली. "उद्या घरी नाही, सकाळी मशिनवर यायचं. आणि मावसोबा, उठा! त्या कोपऱ्यात झाडू आहे."

मावसोबा तोंड पाडून झाडू लागले. आणि तो त्यांचा नामी स्टँड? मोबाइल ठेवला की तोही आडवा व्हायचा!