निंबाखालचा सहावा दगड

गोठ्याच्या पत्र्याला कलिंगड आरपार जाईल एवढं भोक पडलं होतं. खाली पाटलांचा बैल मरून पडला होता, आणि ओट्यावर बसून भगवंतराव पाटील झरझर पंचनामा लिहीत होते. तीन शेतं पलीकडे शकूरमियाँ विहिरीला सुरुंग लावतात, सकाळी तीनदा धडाम् झालं, लगेच गोठ्यात दगड कोसळला. मग आणखी शोधायचं ते काय? पाटलांनी शकूरमियाँचे हात दोरानं बांधून त्यांना चावडीत बसवून ठेवलं होतं. दिवेलागणीला जळगाव जामोदचे फौजदार येणार आणि त्यांना घेऊन जाणार.

"अब्बानं बत्ती लावलीच नव्हती," हे शकूरमियाँची बारा वर्षांची लेक फातिमा सकाळपासून चारदा सांगून थकली होती. ती भाकरी घेऊन गेली तेव्हा अब्बा पहारीनं खडकात भोकंच पाडत होते. पण लेक बापाचीच बाजू घेणार, असं म्हणून पाटलांनी तिला उडवून लावलं. तिला रडू येत होतं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग येत होता.

तिचे दोन सोबती दिवाळीच्या सुट्टीत वाडीला आले होते. उकंडा जळगावच्या शाळेत शिकायचा. बालवीर पथकात मिळालेलं होकायंत्र तो गळ्यात घालूनच झोपायचा. विमल पाटलांचीच भाची, अकोल्याच्या शाळेतली. तिघं मागच्या दारानं गोठ्यात शिरली.

जमिनीत हातभर खोल खड्डा होता. आत काहीच नव्हतं.

"दगड कोठी गेला बे?" फातिमा म्हणाली. "बैल मारला तो दगडच कोनी पाह्यला नाई!"

उकंडा जरा घुटमळला. मग त्यानं सांगितलं, की आवाज झाला तेव्हा तो कापसात होता, आणि आभाळात त्याला धुराची पांढरी रेघ दिसली होती. कुणी हसेल म्हणून तो गप्प राहिला होता. विमलनं त्याचा हातच धरला. मंगळ आणि गुरू या ग्रहांच्या मधे हजारो खडक सूर्याभोवती फिरतात, त्यांना लघुग्रह म्हणतात, हे तिला मास्तरांनी शिकवलं होतं. असा एखादा तुकडा पृथ्वीच्या हवेत शिरला की पेटतो, ती उल्का. ती मोठी असली तर सुरुंगासारखे आवाजही होतात. जळून उरलेला भाग खाली पडला तर तो अशनी. त्यात बहुतेक वेळा लोखंड असतं.

"मंग तो दगड पायजे," फातिमा म्हणाली. "आन् फौजदार याच्या आंधी पायजे."

गोठ्यामागे निंबाखाली शेंदूर फासलेले देव होते. फातिमा त्या वाटेनं रोज जायची. देव पाच होते. आज सहा होते, आणि सहाव्याचा शेंदूर ओला होता.

उकंडा पुढे झाला तशी तिनं त्याला मागे ओढलं. "हात नोको लावू! देव बाटवला म्हनतीन, अन् अब्बावर आनखी एक आळ येईन."

मग उकंडानं होकायंत्र नुसतं जवळ नेलं. सुई गर्रकन वळली. पाचव्या देवाजवळ नेलं, तर जागची हलली नाही.

तेवढ्यात वेशीवर दमणीला जुंपलेल्या बैलांची घुंगरं वाजली. फौजदार आले होते.

तिघं धावतच चावडीवर गेली आणि सगळं सांगू लागली. पाटील ओरडले, पण फौजदार ऐकून घेणारे निघाले. त्यांनी शकूरमियाँसकट सगळ्यांना निंबाखाली नेलं, विहिरीतला एक दगड मागवला आणि स्वतः होकायंत्र धरलं. विहिरीच्या दगडाजवळ सुई स्वस्थ राहिली. सहाव्या देवाजवळ फिरली.

"शेंदूर खरवडल्याशिवाय खात्री कशी पटणार?" ते म्हणाले. गावकरी कुजबुजू लागले. देवाला हात कोण लावणार?

गर्दीतून गोठा झाडणारी म्हातारी तानुबाई पुढे आली. तिचा नातू त्याच गोठ्यात निजला होता, बैलापासून दोन हातांवर, आणि त्याला खरचटलंही नव्हतं. देवच आला म्हणून तिनं दगड उचलून निंबाखाली मांडला होता, आणि पाटील हिसकून घेतील या भीतीनं ती बोलली नव्हती.

"माह्या देवापायी शकूरले तुरुंग व्हाचा नाई," ती म्हणाली, आणि तिनं स्वतःच्या हातांनी दगड उलटा केला.

खालच्या बाजूला शेंदूर नव्हता. तिथे काळीकुट्ट, तव्यासारखी भाजलेली साल होती.

फौजदारांनी पाटलांचा कागद मागून घेतला आणि फाडला. पाटलांनी मान खाली घालून स्वतः शकूरमियाँच्या हातांचा दोर सोडला. "पोट्ट्यांनी पाह्यलं ते म्या पाह्यलं नाई," ते सगळ्यांसमोर म्हणाले. फौजदारांनी तिघांची पाठ थोपटली, दगड तानुबाईला परत दिला आणि नवा पंचनामा लिहायला घेतला.

तो पुरा झाल्यावर शकूरमियाँनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं. "बेटी, वाच," ते म्हणाले.

फातिमानं वाचलं, "साक्षीदार पहिली, फातिमा शकूर."

"आनखी एकदा वाच," अब्बा म्हणाले.