तीन नंबरचा माइक

दादांच्या शेवटच्या रेकॉर्डिंगला घरून निघाले, तेव्हा माझ्या डोक्यात फक्त एक वायर होती. ती पिशवीत घेतलीय की नाही, हे बघायला मी दोनदा जिना चढले. सगळं इतकं साधं होतं, हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं ऐकून म्हणशील, बाईचं डोकं फिरलंय.

दादा म्हणजे आमचे जॅझ पियानोवाले. वय एकोणऐंशी. बोटं आखडत चालली होती, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, काय वाजवायचं ते या वर्षात वाजवून घ्या. म्हणून दुपारचा छोटा कार्यक्रम ठरला, साठ खुर्च्यांचा. हात थांबण्याआधी एक तरी रेकॉर्ड मनासारखी व्हावी, एवढीच त्यांची इच्छा होती. आजवरची एकही त्यांना पसंत नव्हती. खोट काढण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

रेकॉर्डिंग माझ्याकडे असतं, आणि कार्यक्रमाआधी यंत्र चालू करून मी हजेरी घेते. मी माइकचा नंबर मोठ्याने म्हणायचा, समोरच्या वादकाने 'आहे' म्हणायचं, म्हणजे कुठला आवाज कुठून आला ते नंतर कळतं. सभागृह रिकामं होतं, दारं बंद. दादा पियानोपाशी मांडीवर गरम पाण्याचं भांडं घेऊन, त्यात दोन्ही हात बुडवून बसले होते.

"एक, पियानो."

"आहे."

"दोन, पियानो."

"आहे गं बाई. पळून जातोय का मी?"

"तीन, बास."

म्हणून गेले आणि जीभ चावली. बास, म्हणजे ते माणसाएवढं व्हायोलिन, वाजवणारा आमचा उंट (उंचीमुळे सगळे त्याला हेच म्हणायचे) दोन वर्षांपूर्वी वारला होता. तीस वर्षांच्या सवयीने मी त्याच्या जागी माइकसुद्धा लावून ठेवला होता. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहू दे," दादा हळूच म्हणाले. "मीही त्याच्या पाळीची जागा अजून मोकळी सोडतोच."

मी घाईघाईत "चार, सभागृह" म्हटलं आणि दारं उघडायला पळाले. चार नंबर खुर्च्यांकडे तोंड करून असतो, टाळ्यांसाठी. त्याला कोणी ओ देत नाही.

दादा सुरेख वाजवत होते. प्रत्येक गाण्याच्या मध्यावर मात्र ते हात मांडीवर ठेवायचे आणि उंटाची पाळी संपेपर्यंत गप्प बसायचे. लोक श्वास रोखून ऐकायचे... काय ऐकायचे, कोण जाणे. त्या शांततेत माझ्या यंत्रावर तीन नंबरचा दिवा लुकलुकायला लागला. आणि वास आला, राळेचा. उंट गजाला चोळायचा ती. तरी मी काही बंद केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा माझ्या खोलीवर ऐकायला आले. मी तीन नंबर लावला. "तीन, बास," माझा आवाज. मग थोडं थांबून, आळसावलेलं, घोगरं... "आहे."

दादांनी डोळे मिटले. पुढे प्रत्येक शांततेत बास वाजत होता.

"दुसऱ्या गाण्यात घाई केलीन गाढवाने," दादा म्हणाले. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि हसतही होते. "झाली बघ माझी रेकॉर्ड. काही कापू नकोस. हजेरीसुद्धा ठेव."

चारही माइकांची एक प्रत घेऊन, शीळ घालत ते जिना उतरले. मला इतकं बरं वाटलं! त्याच आनंदात मी चार नंबर लावला.

"चार, सभागृह," माझा आवाज. आणि खुर्च्यांकडून, खालच्या पट्टीत, पुष्कळ जणांचा एकदम... "आहोत."

त्यात उंट होता. त्याच्या शेजारी दादांचा आवाज होता. दादा तर तेव्हा माझ्यासमोर, मंचावर, पाण्यात हात घालून बसले होते. त्यांचे ओठही हलले नव्हते.

हे मी त्यांना सांगितलं नाही. पण काल त्यांचाच फोन आला. आता बोटं वळत नाहीत, तरी स्वारी खुशीत होती.

"अगं, चार नंबर ऐकला. मला जागा चांगली मिळालीय, उंटाला लागून."

"हो, दादा..."

"आणि माझ्या पलीकडे कोण बोलतंय, ओळखलंस का? नीट ऐक. बाईचा आवाज आहे. तुला तर कळायलाच हवा."

मी फोन ठेवला. ती रेकॉर्ड अजून परत लावलेली नाही.