एक वाजेपर्यंत

चीज ताजं असेल तर दाताखाली कुरकुरतं, आणि कुरकुरलं नाही तर ते कोंबड्यांना घालावं, असं मिसूरीच्या ऑपलबाईंचं ठाम मत. म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये विस्कॉन्सिनहून निघताना रोलँड टेसमर आधी चीजच्या कारखान्यात जायचा आणि मग बंदुका गाडीत ठेवायचा. ऑपलबाईंच्या रानात टर्की पक्ष्याची शिकार करायची परवानगी सव्वीस वर्षं त्या कुरकुरीवरच मिळत आली होती.

सव्वीस वर्षं रोलँड आणि हार्लन, अशी जोडी. यंदा हार्लन नव्हता. जानेवारीत गेला. जायच्या आठ दिवस आधी हॉस्पिटलात रोलँडचं मनगट धरून म्हणाला होता, "कॅरिनला यंदा मिसूरीला ने. पोरीला कधीपासून यायचंय, मीच टाळत आलो. ने, आणि धड परत आण. बाकी काही मागत नाही." रोलँडने हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला हो म्हणायला काय लागतं? जे लागतं ते नंतर.

कॅरिन ही हार्लनची एकुलती एक. चौतिशीची, टपाल वाटायचं काम करणारी, बापासारखीच बडबडी. गाडी तिची, नवी कोरी पिकअप, मागेही सीट असलेली, आणि सारखी टोकणारी. मागच्या सीटवर चीजची पेटी ठेवली तर गाडीला वाटलं माणूसच बसलाय. टुंग टुंग टुंग सुरू. पेटीला पट्टा बांधला तेव्हा कुठे ती गप्प बसली.

"बाबा असते तर म्हणाले असते, चीजला पट्टा पुरतो, मला पुरत नाही," कॅरिन म्हणाली.

खरंच होतं ते. हार्लनचं पोट असं, की पट्टा लावताना त्याला श्वास आत ओढून धरावा लागायचा आणि मग तासभर त्याची तक्रार चालायची. रोलँड हसला, पण त्याचं लक्ष रस्त्यावरच्या पाट्यांकडे होतं. उजव्या डोळ्याने त्या त्याला वाचता येत नव्हत्या. मोतीबिंदू, जूनमध्ये ऑपरेशनची तारीख होती. हे त्याने बायकोला, डोरिसला, सांगितलं नव्हतं आणि कॅरिनलाही नाही. सांगितलं असतं तर दोघींनीही बंदुकीला हात लावू दिला नसता, आणि मग शब्दाचं काय? अशी आपली स्वतःचीच समजूत. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका हुशार वकील दुसरा नाही.

नऊ तास गाडी चालली. शेवटचा रस्ता खडीचा, खड्ड्यांचा. तिथे आल्यावर रोलँडला एकदम चुकल्यासारखं झालं. आवाज नव्हता.

तो आवाज हार्लनच्या डबीचा. हार्लन सुतार. अक्रोडाच्या लाकडाची लांबट डबी आणि वर चेरीच्या लाकडाचं हलतं झाकण त्याने हाताने केलं होतं. झाकणाला खडू लावायचा आणि डबीच्या कडेवर घासायचं, की टर्कीच्या मादीची हाक निघते आणि रानातला नर उत्तर देतो. अशा डब्या पुष्कळ असतात, पण हार्लनच्या डबीची तिसरी हाक फाटायची, मिसरूड फुटलेल्या पोराच्या आवाजासारखी. एरवी ती वाजू नये म्हणून झाकणाला रबर लावतात. हार्लनने तो कधी लावला नाही. प्रत्येक खड्ड्याला मागून "क्याक!" आणि प्रत्येक क्याकला रोलँडचं, "अरे, रबर लाव ना त्याला." सव्वीस वर्षं हेच.

जानेवारीत शवपेटीचं झाकण लावायच्या आधी रोलँडने ती डबी हार्लनच्या हाताशी ठेवली. घरून ब्रोकोलीच्या जुडीचा रुंद जांभळा रबर नेला होता. "आता तरी गप्प बस," असं म्हणत तो डबीला गुंडाळायला गेला, तर थंडीत तो तटकन तुटला. रोलँडने मासे धरायच्या गळाला मारतात तशी गाठ मारली, रबर दुहेरी केला आणि लावला. शेजारी कॅरिन उभी होती.

ऑपलबाई दारातच होत्या. ऐंशी उलटलेल्या, काठी टेकत आल्या आणि त्यांनी कॅरिनला जवळ घेतलं.

"नाक बापाचं उचललंस. पोट नको उचलूस म्हणजे झालं," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. मग चीजचा एक तुकडा तोंडात टाकला, कान देऊन चावला, आणि मान हलवली. परवानगी मिळाली.

जेवण झाल्यावर रोलँडने कॅरिनला नियम सांगितले. झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसायचं. मिसूरीत शिकार दुपारी एकला बंद, म्हणजे बंद. अंगावर लाल, पांढरा, निळा धागासुद्धा नको. वसंतात नराचं डोकं त्याच तीन रंगांचं असतं. आणि सगळ्यात मोठा नियम.

"आवाजाच्या मागे जायचं नाही. कितीही मोह होऊ दे. तिकडे पक्षी असेल नाहीतर आपल्यासारखाच कोणी माणूस. बसायचं आणि त्याला येऊ द्यायचं."

"माहितीये काका. बाबा झोपेत बडबडायचे हे."

पहाटे अंधारातच दोघं निघाली. रोलँड कुंपणाच्या कोपऱ्यातल्या ओकाखाली, कॅरिन टेकाडापलीकडे ओढ्याच्या वळणावर. नऊपर्यंत कोणी जागा सोडायची नाही, असं ठरलं. रान ओलं होतं, कुजक्या पानांचा आणि रानकांद्याचा वास येत होता. लांबवर घुबड घुमलं आणि लगेच टेकाडावरून नराची आरोळी खळाळत आली. रोलँडच्या छातीत धडधडलं. एकसष्टाव्या वर्षीही धडधडायचं.

उजाडलं. नर झाडावरून उतरला, ओरडत लांब गेला, आणि रान चिडीचूप झालं. तास गेला. मग तीच आरोळी समोरच्या झाडीपलीकडून आली, ऐंशी-नव्वद पावलांवरून. रोलँडने स्वतःची साधी डबी काढली, हाक दिली. उत्तर नाही. त्याला वाटलं, पुढच्या वर्षी हा डोळा कसा असेल कोणास ठाऊक. हार्लनसाठी एक तरी. आणि सव्वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेला नियम मोडून तो कोपरांवर सरपटायला लागला.

झाडीजवळ पोचला तेव्हा पलीकडे पाचोळा खसफसला. पंजाने उकरल्यासारखा. थांबला. पुन्हा खसफसला. दोन फांद्यांमध्ये लाल काहीतरी हललं, त्याच्यात पांढरं. लाल वर आलं, खाली गेलं, डोकं खालीवर व्हावं तसं. रोलँडने बंदूक खांद्याला लावली. उजव्या डोळ्यापुढे नेहमीचं धुकं. सेफ्टी काढली.

तेवढ्यात वास आला. ओल्या पानांचा नाही. ताज्या रंधा मारलेल्या लाकडाचा आणि खडूचा... सुताराच्या दुकानात येतो तसा. पाखरं थांबली होती.

मग त्याच्या कानाशी, पाठीमागे अगदी हातभरावर...

क्याऊक. क्याऊक. क्या...क.

तिसरी फाटली.

रोलँडने वळून पाहिलं. मागे ओली पानं, त्याच्याच सरपटण्याची वाट, आणि कोणी नाही.

"काका...?"

झाडीमागून कॅरिन उठून उभी राहिली होती. तोंडावरचा जाळीचा मुखवटा वर सारलेला, डाव्या हाताला लाल रुमाल बांधलेला, पांढऱ्या ठिपक्यांचा. रोलँड तो रुमाल ओळखत होता. हार्लनचा.

"तू बाबांची डबी आणलीस?" ती हळूच म्हणाली.

"नाही."

"मग आत्ता..."

"नाही आणली, पोरी."

वास गेला होता. कुठेतरी सुतारपक्षी ठोकायला लागला. कॅरिननेही जागा सोडली होती. नर इकडे वळला म्हणून ती इकडे आली, कुंपणाच्या काटेरी तारेने तळवा फाटला, आणि खिशात बापाची आठवण म्हणून ठेवलेला रुमाल तिने बांधला. मादी उकरते तसा पाचोळा ती त्याच हाताने उकरत होती. रुमालाचा रंग तिच्या लक्षातच आला नव्हता.

दोघं गाडीपर्यंत आली. गाडीच्या मागच्या फळीवर बंदूक आडवी ठेवून रोलँड काडतुसं काढायला लागला, आणि त्याचे हात थांबले.

चापाच्या मागे रबर होता. जांभळा, रुंद, दुहेरी करून करकचून गुंडाळलेला. चाप मागे जायला जागाच नव्हती. रबराला गाठ होती, गळाला मारतात ती.

कॅरिनने हात लावून गाठ पाहिली. "काका, झाकण लावलं तेव्हा मी तिथे होते. मी बघितलंय हा आत जाताना."

रोलँड फळीवर बसला. त्याला खोटं बोलता आलं असतं. डबी वाजली म्हणून मी थांबलो, असं सांगून निभावलं असतं.

"मी थांबलो नव्हतो," तो म्हणाला. "डबी नंतर वाजली. मी आधीच चाप ओढला होता."

कॅरिनने गाठीवरचा हात काढून घेतला.

"दोनदा," रोलँड म्हणाला. मग डोळ्याचं सांगितलं, जूनच्या तारखेचं सांगितलं, सगळं सांगितलं. "धड परत आण म्हणाला होता तो. आणि मी..."

कॅरिनने ती बंदूक उचलून पिशवीत घातली आणि चेन ओढली.

"ही आता डोळा झाल्याशिवाय बाहेर यायची नाही. गाडी मी चालवणार. आणि डोरिसकाकूला मी सांगणार, ती तुझं काय लोणचं घालेल ते घालू दे." मग ती त्याच्या गळ्यात पडली आणि लहानपणी रडायची तशी रडली. "मीही जागा सोडली होती, काका. मीही लाल बांधला होता. दोघांनीही गाढवपणा केला. बाबांनी निस्तरला."

ऑपलबाईंनी तिकडची पावासारखी मऊ बिस्किटं आणि पांढरा रस्सा केला होता. त्यांनी डोळे मिटून रोजची प्रार्थना म्हटली, अन्नाबद्दल, पावसाबद्दल, पाहुण्यांबद्दल. रोलँड कधी प्रार्थनेत तोंड उघडायचा नाही. आज म्हणाला, "आणि आज जे झालं नाही, त्याबद्दल."

बाईंनी एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं, कॅरिनच्या हाताकडे पाहिलं, आणि डोळा मिटला. "आमेन," त्या म्हणाल्या. मग रश्शाचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. रोलँडने पोटभर खाल्लं. इतकं गोड अन्न त्याला कित्येक वर्षांत लागलं नव्हतं.

दहा-सव्वादहाला दोघं निघाली. चीजची पेटी ऑपलबाईंकडे राहिली होती, मागची सीट रिकामी, पट्टा मात्र अजून लावलेलाच. रबर रोलँडच्या शर्टाच्या खिशात होता. खडीच्या रस्त्याला पहिला खड्डा आला आणि मागून आवाज आला.

क्याक.

कॅरिनने वेग कमी केला. मागे कोणी पाहिलं नाही. दुसरा खड्डा तिला चुकवता आला असता. तिने मुद्दाम चाक त्यात घातलं.

क्याक.

"म्हण ना," ती म्हणाली. रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. "रबर लाव म्हण."

"आता नाही म्हणायचा कधी," रोलँड म्हणाला. खिशावर हात ठेवून तो मागच्या सीटला उद्देशून हळूच म्हणाला, "उपकार झाले रे, हार्लन. फार उपकार झाले."

सव्वाबाराला हायवेवर पेट्रोल भरायला थांबली. इंजिन बंद, गाडी उभी, रस्ता गुळगुळीत. आणि आतून आवाज आला, पूर्ण तिन्ही हाकांचा. तिसरी फाटलेली. शेजारच्या पंपावरचा टोपीवाला म्हातारा इकडेतिकडे बघायला लागला.

"मादी कुठं ओरडली हो?" त्याने विचारलं.

त्याला उत्तर मिळालं ते हायवेपलीकडच्या रानातून. नराची आरोळी, भर दुपारी, खणखणीत. लगेच मागचा पट्टा खटकन सुटला आणि गाडीची मागची बाजू जराशी वर उचलली गेली, एखादा जड माणूस उतरल्यावर उचलते तशी. दार उघडलं नव्हतं.

पेट्रोल भरून झालं. कॅरिनने गाडी कडेला लावली आणि कॉफीचे दोन पेले आणले.

"थांबायचं?" तिने विचारलं.

रोलँडने घड्याळ पाहिलं. परमुलखात जोडीदाराला टाकून कोणी जात नाही. "एकला बंद होते," तो म्हणाला. "एकनंतर तो कधी रानात राहिला नाही."

दोघं ट्रकांची ये-जा बघत बसली. पलीकडून दोनदा आरोळी आली. दुसऱ्या खेपेला फार जवळून, आणि मग नाही.

एक वाजला. गाडी मागे दबली. ओल्या पाचोळ्याचा वास आत भरला, आणि त्यात ताज्या लाकडाचा.

कॅरिनने किल्ली फिरवली. गाडी टोकायला लागली, टुंग टुंग टुंग. मागचा पट्टा लावा.

मागे न बघता तिने हात घातला, पट्टा ओढला, आणखी ओढला, आणि खटकन लावला. आवाज थांबला. रोलँडने आरशात पाहिलं, डाव्या, चांगल्या डोळ्याने. सीट रिकामी होती. पण पट्टा सीटला टेकला नव्हता. वीतभर पुढे, गोल ताणलेला होता, आणि हळूहळू वरखाली होत होता.