आईला चालेल असा महिना

“आई नाही म्हणणार! लावता का पैज?” धाकटी खुर्चीवर गुडघे टेकून ओरडली, आणि टेबलाभोवतीचे सगळेजण खो खो हसले… सगळे, म्हणजे आई सोडून!

आईच्या ओठांत तेव्हा टाचण्या होत्या. जेवणं उरकली होती, टेबल पुसून झालं होतं, आणि टेबलाच्या टोकाला बसून ती एका गिऱ्हाइकाच्या पँटचा खालचा काठ दुमडत होती, कारण शिवणकाम करणाऱ्या बाईची संध्याकाळ काही जेवणाबरोबर संपत नाही. टेबलाच्या मधोमध भिंतीवरचं कॅलेंडर काढून पसरलं होतं आणि सगळं घर त्याच्यावर तुटून पडलं होतं. प्रश्न काही साधासुधा नव्हता! कित्येक वर्षं नुसती बोलण्यात असलेली थीम पार्कची सहल यंदा खरोखरच होणार होती. ठरायचं होतं ते एवढंच… जायचं कधी?

“उन्हाळ्याच्या सुट्टीत!” थोरला म्हणाला. “सगळ्या राइड चालू, पार्क उशिरापर्यंत उघडं, आणि पाण्यातल्या घसरगुंड्या फक्त तेव्हाच सुरू असतात.”

“आणि गर्दी?” वरच्या मजल्यावर राहणारी आत्या खास या चर्चेसाठी खाली उतरली होती. “इतका चपटा होऊन परत येशील, की दार न उघडता फटीतून आत घेऊ तुला!”

“उन्हाळा म्हणजे माझ्या धंद्याचा मोसम,” बाबा म्हणाले. ते फ्रिज दुरुस्त करायचे. “जगातले सगळे फ्रिज तेव्हाच आजारी पडतात. तरी मालकाच्या अक्षरशः हातापाया पडून सुट्टी मिळवीन. काय गं, तुला चालेल ना?”

आईनं एकेक टाचणी ओठांतून काढली. अगदी सावकाश, जणू त्या संपूच नयेत…

“पावसाच्या दिवसांत गेलो तर?”

आणि टेबलाभोवती एकच स्फोट!

“वहिनी, तिथे काय छत्र्या विकायच्यात?”

“अगं आई, पावसात निम्म्या राइड बंद असतात!”

“मग थंडीत जाऊ. थंडीत गर्दी नसते म्हणतात…”

“थंडीत काहीच नसतं! नुसतं कुडकुडत फोटो काढायचे!”

“मग तुम्ही जा,” आई म्हणाली. “मी घर सांभाळते.”

“घराला काय पाय फुटलेत?” बाबा वैतागले. “दर वेळी तुझं हेच. बागेत नको, जत्रेत नको, लग्नाला गेलीस तर दाराजवळची खुर्ची धरून बसणार. कंटाळा आला बुवा तुझ्या नन्नाच्या पाढ्याचा!”

तेवढ्यात धाकटी उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कुणीतरी फडक्यानं पुसून टाकावं तसं नाहीसं झालं होतं.

“बाबा, तिला घर नाही सांभाळायचं. तिला माझ्याबरोबर दिसायचंच नाहीये! शाळेच्या नाटकात मी काम केलं, अख्खं सभागृह हसून हसून गडाबडा लोळायचं तेवढं बाकी होतं, आणि नंतर मी मिठी मारायला धावले तर ही काय म्हणाली माहितेय? ‘जवळ येऊ नकोस, तू पुढे हो.’ सगळ्या मैत्रिणींसमोर! खुर्चीतून उठलीसुद्धा नाही… आई, इतकी लाज वाटते का गं तुला माझी?”

आईच्या बोटात सुई घुसली. तिला ती कळलीसुद्धा नाही!

लाज… हो, लाजच होती ती. पण कुणाची, हे त्या वेड्या पोरीला कसं सांगावं?

ही धाकटी जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत होती, सगळ्या दवाखान्यानं कौतुक केलं होतं, आणि त्या बाळंतपणात आईच्या शरीरातली कुठलीशी गाठ जी सैल झाली, ती पुन्हा आवळलीच नाही. शिंक आली की थेंब. जिना भरभर उतरला की थेंब. आणि सगळ्यांत मोठा वैरी म्हणजे हसू! पोट धरून हसायला यावं, आणि त्याच क्षणी मांडीवरून उष्ण धार ओघळावी… केवढी ही विटंबना! नवऱ्याला सांगायचं तर जीभ टाळ्याला चिकटे, डॉक्टरकडे जायचं तर पाय दारातून माघारी फिरत. म्हणून मग ती हळूहळू हसायचीच थांबली, आणि घरानं ठरवून टाकलं की आई तुसडी आहे.

कोणतं कापड ओल कशी दाखवतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! राखाडी सुती कापड सगळं बोलून टाकतं. गडद निळं जाड कापड पोटात ठेवतं. नाटकाच्या दिवशी नेमकी ती राखाडी कपड्यांत गेली होती. तिच्यासाठी वर्षाचे ऋतूसुद्धा वेगळेच होते. थंडी म्हणजे घोट्यापर्यंतचा कोट. पाऊस म्हणजे तर वरदानच, सगळं जग नखशिखान्त भिजलेलं असताना एका बाईच्या ओल्या कपड्यांकडे कोण बघणार? आणि उन्हाळा… उन्हाळा म्हणजे पातळ कपडे, लख्ख ऊन आणि लपायला जागा नाही!

तिनं मान वर केली. लेक अजून उत्तराची वाट बघत होती, ओठ दाबून, डोळे डबडबलेले.

“उन्हाळ्यातच जाऊ,” आई म्हणाली. “मी येते.”

“शप्पथ?”

“येते म्हटलं ना.”

सगळ्या घरानं टाळ्या वाजवल्या. आत्या तर म्हणाली, “वहिनी, आज सूर्य कुठून उगवला होता?” आणि त्या अभागिनीनं त्याच रात्री गडद निळ्या कापडाचा घेरदार स्कर्ट बेतायला घेतला, आतून दुहेरी अस्तर लावून…

पार्कात ऊन असं होतं, की जमिनीवर अंडं फोडलं असतं तर तळून निघालं असतं! पण मुलांना त्याचं काय? थोरला नकाशा हातात घेऊन सेनापतीसारखा पुढे, त्याच्यामागे फुललेल्या चेहऱ्याची धाकटी, मग टोपी सांभाळणारी आत्या. लोखंडी कठड्यांमधून वळणं घेत घेत रांग सरकत होती. वर गाडी खडखडत चढत होती, आणि दर थोड्या वेळानं लोकांच्या किंकाळ्या आकाशातून खाली कोसळत होत्या.

“आई, पाणी घे.”

“नको गं, तहान नाही.”

“अगं घोटभर तरी!”

“म्हटलं ना, नको!”

धाकटीचा हात मागे गेला. आईला दिसला तो मागे गेलेला हात. पण आदल्या संध्याकाळपासून जिनं पाण्याचा थेंब घशाखाली उतरवला नव्हता, ती आता कशी हार मानणार? पोटात काही नसेल तर सांडणार कुठून, असा तिचा हिशेब होता. आज या लेकराला आपल्यामुळे खाली बघायला लागणार नाही! एवढा एकच दिवस, देवा, एवढा एकच… जीभ लाकडासारखी झाली होती. कठडे हलायला लागले, टोप्यांचे रंगीत ठिपके झाले, आणि कुठूनतरी फार लांबून लेकीची हाक आली…

“आई!”

शुद्ध आली तेव्हा ती प्रथमोपचाराच्या खोलीत खाटेवर होती. पंखा घरघरत होता. आत्या आणि थोरला सामान घेऊन बाहेर बसले होते, आत बाबा होते, कपाळावरचा घाम पुसायचंही भान नसलेले, आणि पायथ्याशी धाकटी. आखूड केसांची नर्स नाडी बघत होती.

“शेवटचं पाणी कधी प्यायलात?”

“काल… संध्याकाळी.”

“काल?” नर्सनं भुवया उंचावल्या. “का बरं?”

पोट बरं नव्हतं, प्रवासात मळमळतं, विसरले… खोटी उत्तरं ओठांशी तयार होती. इतक्या वर्षांचा सराव होता! पण त्याआधीच धाकटी हुंदके देत बोलू लागली.

“माझ्यामुळे झालं हे! तिला यायचंच नव्हतं. मी टोचून बोलले म्हणून आली. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही तिनं…”

आईनं तिच्याकडे पाहिलं. आपण आता खोटं बोललो तर ही पोर आयुष्यभर हेच धरून बसेल! आपली लाज वाचेल, आणि लेक जाईल…

तिनं तोंड भिंतीकडे केलं. आणि भिंतीला सांगावं तसं सांगितलं. शिंक, जिना, हसू, कोट, पाऊस, अस्तर… सगळं. शब्द मध्येच अडत होते, कान तापून लाल झाले होते, धरणी दुभंगेल तर बरं असं वाटत होतं. पण ती थांबली नाही.

“आणि नाटकाच्या दिवशी?” धाकटीनं हळूच विचारलं.

“इतकी हसले गं राणी… तू ती खोटी मिशी सावरत शिंकलीस ना, तेव्हा मला आवरेचना! मग खुर्चीतून उठायची सोय राहिली नाही. तू धावत आलीस, तुझ्या अंगावर नाटकाचे पांढरे कपडे… मला वाटलं, माझी घाण तुला लागेल.”

“आई गं…” म्हणत धाकटीनं त्या खाटेवर स्वतःला झोकून दिलं, आणि यावेळी तिला कुणी दूर लोटलं नाही!

बाबा मात्र उभेच होते. हातातली टोपी पिळत.

“लोकांच्या फ्रिजखाली एक थेंब असला तर मला दारातून दिसतो,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “आणि माझ्या बायकोची व्यथा मला इतकी वर्षं… वर मीच तिला नन्नाचा पाढा म्हणायचो. मला माफ कर गं.”

“अहो, मीच बोलले नाही ना…”

“बोलायला जागा कुठे ठेवली होती आम्ही?”

नर्सनं साखरमिठाचं पाणी पुढे केलं. “हे सगळं संपवायचं. उन्हाळ्यात या खाटेवर येणाऱ्या बऱ्याच बायकांची हीच कहाणी असते. चक्कर परवडली, पण ओलं व्हायचं नाही! बाई, याच्यावर उपचार आहेत. व्यायाम असतात, डॉक्टर असतात. फक्त तोंड उघडायला लागतं.”

आईनं तो मोठा पेला रिकामा केला. मग दुसराही.

संध्याकाळ उतरल्यावर ते बाहेर पडले. बाबा म्हणाले, “घरी जाऊ. उपचार करू, आणि थंडीत, पावसात, तू म्हणशील त्या महिन्यात परत येऊ.” पण आई चालता चालता मध्येच थबकली. दोन पेले पाणी आपलं काम करत होतं! समोर बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग पार फवाऱ्यापर्यंत गेली होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

धाकटीनं ते पाहिलं, आणि काही कळायच्या आत तिचा खणखणीत आवाज घुमला.

“अहो ताई, काकू, मावशी! माझ्या आईला थांबवत नाही हो! तिला पुढे जाऊ द्याल का?”

“गप गं, कार्टे!” आईनं पदर नसलेल्या कपड्यात तोंड लपवायला जागा शोधली. आता हसतील, आता नाकं मुरडतील…

कुणी हसलं नाही. पहिली बाई बाजूला सरकली. मग दुसरी. मग मूल कडेवर घेतलेली एक तरुण पोरगी. एकामागून एक, न बोलता, दारापर्यंत वाट मोकळी झाली, आणि आई खाली मान घालून त्या वाटेनं आत गेली.

बाहेर आली तेव्हा एक म्हातारी अजून रांगेच्या कडेला उभी होती. तिनं आईचा दंड धरला.

“लेक गुणी आहे हो तुझी,” ती पुटपुटली. “मला नाही जमलं कधी असं कुणाला सांगायला.”

आईनं तिच्याकडे नीट पाहिलं. सुकून भेगा पडलेले ओठ. भर उन्हाळ्यात अंगावर गडद, जाड कापड… तिच्या सराईत नजरेनं ते कापड क्षणात ओळखलं.

“आजी, सकाळपासून पाणी प्यायलात?”

म्हातारीनं लाजून नजर वळवली.

“या, तुम्ही आधी आत जाऊन या, या बायका सोडतील,” आई म्हणाली, आणि मग फवाऱ्यापलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजात तिनं लेकीला हाक मारली. “अगं ए, पळ! आजींसाठी पाणी घेऊन ये. मोठा पेला आण!”