मोटारीतली मधली जागा

डोळे मिटा आणि चला माझ्याबरोबर अकोल्याला. साल एकोणीसशे बासष्ट. हिवाळ्यातली सकाळ, जिनिंग कारखान्याकडे निघालेल्या कापसाच्या बैलगाड्या, बाभळीच्या काट्यांना अडकलेले पांढरे पुंजके... आणि दवाखान्याच्या अंगणात डॉक्टरीणबाईंची एक म्हातारी काळी मोटार. दिसली? तिच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा आहे तो सहदेव, अमरावतीचा मेकॅनिक. आणि खिडकीतून त्याच्याकडे रागाने पाहणारी ती शकुन, दवाखान्यातली नर्स.

पहिल्यांदा आला तेव्हा तिने दिलेलं पाणी प्यायचं विसरून तो तिच्याकडे पाहत राहिला होता. तेव्हापासून ती त्याची वाट पाहायची. मोटारही लहरी! कधी छान पळायची, तर कधी भर रस्त्यात गिअर आपोआप सुटायचा आणि इंजीन बंद पडायचं. सहदेव आला की मात्र शहाण्या मुलीसारखी चालायची. मग तो पुन्हा यायचा. पण हल्ली आला की तो डॉक्टर सुभद्राबाईंशी हळू आवाजात बोलायचा, बाई खळखळून हसायच्या... आणि शकुनच्या हातातली इंजेक्शनची सुई उकळत्या पाण्यात जरा जोरातच पडायची.

"आजबी सापडलं नाई वाटते?" तिने खिडकीतूनच टोला हाणला.

"उभ्या गाडीत नाई सापडत. चढावर न्या लागते. सोबत कोणी पायजे, इंजिनावर नजर ठेवाले."

"मी येते," सुभद्राबाई म्हणाल्या.

"तुमचे पेशंट बसले हायेत, बाई. मी जाते!"

तरुण पोरगी परक्या पुरुषाबरोबर एकटी गेली, तर गाव गप्प बसलं नसतं. म्हणून बाईंनी आपल्या सहा वर्षांच्या भाचीला, रुखमीला, पुढच्या बाकावर दोघांच्या मध्ये बसवलं. "इथून हलायचं नाही हं!"

मोटार निघाली. शकुन रुखमीच्या डोक्यावरून म्हणाली, "बिघाड मुद्दाम ठेवता का हो?"

"काहून ठेवीन?"

"पुन्हा याले निमित्त भेटते ना! हसणं-बोलणं होते..."

"कोणासंग?"

"मले काय विचारता? मोटारीले विचारा."

नाल्यापलीकडची चढण लागली. निम्म्यावर खाडकन गिअर सुटला, इंजीन बंद! सहदेव मात्र खूश. चाकामागे दगड लावून त्याने बॉनेट उघडलं. एक वायर निसटली होती. ती त्याने परत लावली. पण निसटली का?

"बाजूले उभ्या राहा, समोर नको. मी ब्रेक दाबून गिअर टाकतो, क्लच थोडासाच सोडतो. काय हालते ते पाहा."

इंजीन गुरगुरलं आणि — एका अंगाने चक्क वर आलं! वायर ताणली, निसटली. पुन्हा सारं शांत.

"उठलं! अख्खं इंजीन उठलं!" राग विसरून शकुन ओरडली.

पाहा हं, इंजीन रबराच्या गाद्यांवर बसवलेलं असतं. त्यातली एक तुटली होती. सपाट रस्त्यावर कळायचं नाही. पण चढावर जोर लागला की इंजीन उठायचं, गिअर सुटायचा आणि वायरही खेचली जायची. दुखणी दोन, मूळ एकच.

सहदेवने इंजीन दोरीने आवळून बांधलं. तिघं पुन्हा गाडीत बसली.

"नवी गादी टाकली की झालं?" शकुनने विचारलं.

"झालं."

"म्हणजे... आता तुमी यायचे नाई." तिचा आवाज उतरला.

त्याने गाडी सुरू केलीच नाही. "बाईले काय विचारत होतो, सांगू? शकुनच्या घरी मागणी घालाले कवा जाऊ? बाई हसत अन् म्हणत, आधी पोरीले विचार. मले हिंमतच होत नोती."

शकुनचे कान तापले. इतके दिवस जळत होती ती स्वतःवरच!

"मंग विचारा ना..." ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली.

"हो म्हणशीन?"

"मोटार दुरुस्त झाल्यावरबी येशीन?"

"येईन."

"मंग... हो."

रुखमीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मावशीने काय बजावलं होतं ते तिला पक्कं आठवत होतं. तरी ती उठली, बाकाच्या पाठीवरून चढून धप्पकन मागच्या बाकावर उतरली, आणि खिडकीबाहेर तोंड काढून कापसाच्या गाड्यांच्या बैलांना हात करत बसली.